खारेपाटणच्या ताम्रपटाची तीन वाचने : शोधनिबंधाच्या हस्तलिखिताची सिद्धता व परीक्षण यांचा एक स्थानिक इतिहास

गोषवारा

शोधनिबंधाचे हस्तलिखित तयार करून ते नियतकालिकाकडे पाठविणे, ही आज महाविद्यालयीन शिक्षकाच्या सेवेतील एक आवश्यक बाब झाली आहे. या प्रक्रियेमागील नियम कोणत्या गरजेतून निर्माण झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात एका स्थानिक उदाहरणाच्या आधारे घेतला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटण येथे मिळालेल्या शिलाहार रट्टराजाच्या ताम्रपटाचे वाचन बाळशास्त्री जांभेकर, फ्रांझ कीलहॉर्न आणि वा. वि. मिराशी या तीन अभ्यासकांनी सुमारे एकशेतीस वर्षांच्या अवधीत प्रसिद्ध केले. पुढील अभ्यासकाला तपासता व सुधारता येईल अशा स्वरूपात हस्तलिखित सिद्ध करणे हेच संशोधकाचे मुख्य दायित्व होय, असे या उदाहरणावरून प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : शोधनिबंध, हस्तलिखित, परीक्षण, ताम्रपट, शिलाहार, खारेपाटण, बाळशास्त्री जांभेकर, वा. वि. मिराशी.

१. प्रस्तावना

शोधनिबंध कसा लिहावा याविषयी महाविद्यालयांतून वेळोवेळी कार्यशाळा होतात. त्यांत शब्दमर्यादा, समास, अक्षराचा आकार, गोषवारा, संदर्भ देण्याची पद्धती इत्यादी गोष्टी सांगितल्या जातात. हे सर्व आवश्यकच आहे. तथापि हे नियम कोणासाठी आहेत, हा प्रश्न त्यांत क्वचितच उपस्थित होतो. परिणामी हे नियम म्हणजे संपादकाने घातलेली एक अट आहे, ती पूर्ण केली की निबंध स्वीकारला जातो आणि तो छापून आला की आपले काम संपते, असा समज दृढ होत जातो.

हा समज तपासून पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नांदगाव तिठ्यावरून मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेकडे निघाले की तळेऱ्यानंतर खारेपाटण लागते. वाघोटन नदीच्या खाडीवरील हे एके काळचे व्यापारी ठाणे. याच तिठ्यावरून पश्चिमेकडे फुटणारा रस्ता देवगडकडे जातो. त्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव आणि कुवळे हे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे जन्मगाव. खारेपाटणच्या एका ताम्रपटाचे पहिले वाचन जांभेकरांनी केले आणि त्याची चिकित्सक आवृत्ती पुढे मिराशींनी सिद्ध केली. एका लहानशा परिसरात घडलेला हा योग भारतीय शोधनिबंधाच्या इतिहासाकडे पाहण्याची एक चांगली वाट उपलब्ध करून देतो.

२. ताम्रपट आणि त्याचे महत्त्व

विचाराधीन ताम्रपट शके ९३० मधील, म्हणजे इ. स. १००८ मधील आहे. त्यात कीलक संवत्सर आणि ज्येष्ठ पौर्णिमा यांचा निर्देश आहे. शकवर्ष व संवत्सराचे नाव ही दोन्ही एकत्र आल्यामुळे कालनिर्देश परस्परांशी ताडून पाहता येतो आणि येथे तो जुळतो. भाषा संस्कृत आहे. दान देणारा रट्टराज हा दक्षिण कोकणच्या शिलाहार शाखेतील राजा असून तो चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक होता. अव्वेश्वराच्या देवालयासाठी मत्तमयूर संप्रदायातील आत्रेय या शैव आचार्यास त्याने गावे दान दिली. परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण असे उत्पन्नही त्याने देवालयास लावून दिले. अकराव्या शतकाच्या आरंभी या किनाऱ्यावर चालणाऱ्या सागरी व्यापाराचा हा थेट पुरावा होय.

राजकीय इतिहासाच्या दृष्टीने या ताम्रपटाचे महत्त्व दुहेरी आहे. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा राजांची वंशावळ त्यात दिलेली आहे. कृष्णराजाच्या कृपेने सणफुल्लास सह्याद्री आणि समुद्र यांमधील प्रदेश मिळाला, तर त्याचा पुत्र धम्मियर याने बलिपत्तन वसविले, असे तो सांगतो. याखेरीज शिलाहारांचे पूर्वीचे सार्वभौम जे राष्ट्रकूट, त्यांचीही वंशावळ त्यात येते. एका मांडलिकाने आपल्या सत्ताच्युत स्वामींची वंशपरंपरा नोंदवून ठेवावी, ही बाब विशेष लक्षणीय आहे. दख्खनच्या राजवंशांचा क्रम अद्याप निश्चित व्हावयाचा होता त्या काळात या पत्र्यांचे मोल किती असेल, याची कल्पना यावरून करता येते.

३. पहिले वाचन : बाळशास्त्री जांभेकर

सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने १८०४ मध्ये मुंबईत स्थापन झालेली लिटररी सोसायटी पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि १८४१ पासून या शाखेचे नियतकालिक निघू लागले. या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात बाळशास्त्री जांभेकर यांनी खारेपाटणच्या ताम्रपटाची संहिता आणि इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध लिहिणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

'दर्पण' या १८३२ मध्ये निघालेल्या वृत्तपत्राचे आणि 'दिग्दर्शन' या १८४० मध्ये निघालेल्या मासिकाचे संपादक म्हणून बाळशास्त्री सर्वपरिचित आहेत. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत त्यांची नेमणूक असिस्टंट प्रोफेसर या पदावर झाली होती, ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंनी अवश्य लक्षात घ्यावी. अध्यापन, पाठ्यपुस्तकलेखन आणि वृत्तपत्र ही सर्व कामे सांभाळून त्यांनी ताम्रपट व शिलालेख वाचले. १८४६ मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यापुढील साधनांची मर्यादा ध्यानात घ्यावी लागेल. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा करून फार वर्षे लोटली नव्हती. ती घटना १८३७ मधील. गौरीशंकर ओझा यांचा प्राचीन लिपींवरील हिंदी ग्रंथ १८९४ मध्ये आणि ब्यूलर यांचा जर्मन ग्रंथ १८९६ मध्ये आला. म्हणजे लिपिशास्त्राचे पाठ्यपुस्तक हाताशी नसताना, संस्कृतचे ज्ञान आणि प्रत्यक्ष अक्षरवाचन यांच्या बळावर हे काम झाले. अशा वाचनात उणिवा राहणे स्वाभाविक होते. महत्त्वाचे हे की त्यांनी केवळ निष्कर्ष सांगितले नाहीत, तर ज्या संहितेवरून ते काढले ती संहिताही वाचकापुढे ठेवली. आपली चूक सापडण्याची सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली होती.

त्या काळच्या परीक्षणपद्धतीविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. हेन्री ओल्डनबर्ग यांनी लंडनमध्ये १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हा काय छापावे याचा निर्णय मुख्यतः संपादकाचा असे. रॉयल सोसायटीने तज्ज्ञांकडून लेखी अहवाल मागविण्याचा प्रघात १८३२ च्या सुमारास सुरू केला. 'नेचर'सारख्या मान्यवर नियतकालिकात तर सर्व निबंधांचे बाह्य परीक्षण नियमितपणे होऊ लागले ते १९७३ पासून. एकोणिसाव्या शतकातील विद्वत्सभांत निबंध सामान्यतः चिटणिसाकडे जाई, सभेत वाचला जाई आणि नंतर छापला जाई. सारांश, छपाईपूर्वी दोन परीक्षकांनी निनावी अहवाल देण्याची आजची पद्धत फार जुनी नाही. जुने परीक्षण मुख्यतः छपाईनंतर होत असे आणि ते पुढील अभ्यासक करीत.

४. मधला काळ : भांडारकर, तेलंग आणि कीलहॉर्न

बाळशास्त्रींच्या निबंधाचे असे परीक्षण पुढे अर्धशतकभर होत राहिले. मालवण येथे १८३७ मध्ये जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. त्यातील राष्ट्रकूटांच्या प्रकरणात वंशक्रम ठरविताना त्यांनी इतर दानपत्रांबरोबर खारेपाटणच्या ताम्रपटाचाही उपयोग केला. तो उपयोग त्यांना करता आला, कारण मुंबई शाखेच्या नियतकालिकात संहिता उपलब्ध होती. १८८८ मध्ये चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक पद्धतीविषयी दिलेल्या व्याख्यानात भांडारकरांनी संशोधकाची भूमिका न्यायाधीशाची असावी, वकिलाची नसावी, असा विचार मांडला. पुरावा समोर नसेल तर न्यायाधीशाला निवाडा देता येत नाही. म्हणूनच हा विचार मूळ साधने छापण्याच्या आग्रहाशी जोडून वाचला पाहिजे.

खारेपाटण येथेच मिळालेला दुसरा एक ताम्रपट उत्तर कोकणच्या शिलाहार शाखेतील अनंतदेवाचा, शके १०१६ मधील आहे. त्यात काही बंदरांतील जकातीची माफी नोंदविलेली आहे. तो काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी 'इंडियन अँटिक्वरी'च्या १८८० च्या खंडात प्रसिद्ध केला. जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये सुरू केलेल्या या मासिकामुळे ताम्रपट प्रसिद्ध करण्याची एक ठरीव रीत रूढ होण्यास मोठे साहाय्य झाले. मूळ पाठ, टिपा आणि भाषांतर या क्रमाने मजकूर मांडणे व शक्य तेथे ठशाचे चित्र देणे, ही ती रीत होय.

रट्टराजाच्या ताम्रपटाचे दुसरे वाचन फ्रांझ कीलहॉर्न यांचे. १८६६ ते १८८१ या काळात ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होते; पुढे जर्मनीतील ग्योटिंगेन येथे गेले. 'एपिग्राफिया इंडिका'च्या तिसऱ्या खंडात, म्हणजे १८९४-९५ च्या सुमारास, त्यांनी हा ताम्रपट नव्याने संपादित केला. भारतीय लेखांतील तिथिवारांचे गणित हा कीलहॉर्न यांच्या विशेष अधिकाराचा विषय होता. पूर्वीचे वाचन प्रसिद्ध असताना पुन्हा संपादन कशासाठी, असा प्रश्न आज एखादा प्रशासकीय अधिकारी विचारील. त्याचे उत्तर असे की, संशोधनात पुनर्वाचन ही पुनरुक्ती नसते. पन्नास वर्षांत लिपिज्ञान, तुलनेसाठी उपलब्ध झालेले लेख आणि कालगणनेची साधने यांत जी भर पडली, तिच्या कसोटीवर जुना पाठ घासून पाहणे हेच त्या पाठाचे खरे परीक्षण होते.

५. तिसरे वाचन : वा. वि. मिराशी

मिराशी यांचा जन्म १८९३ मधील. त्यांच्या आयुष्यातील कर्तृत्वाचा बराच काळ नागपुरात गेला. तथापि शिलाहारांच्या लेखांचा संग्रह करताना ते एका अर्थी आपल्या जन्मभूमीकडे परतले. 'शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि त्यांचे कोरीव लेख' या विषयावरील त्यांचा मराठी ग्रंथ १९७४ मध्ये नागपुरात प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९७७ मध्ये 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम' या मालेचा शिलाहारांवरील सहावा खंड निघाला. शोध आधी इंग्रजीत आणि मग, जमल्यास, मराठीत हा नेहमीचा क्रम येथे उलटा झालेला दिसतो.

कोणत्याही लेखाचे संपादन करताना मिराशी ज्या क्रमाने जातात तो क्रम हस्तलिखित सिद्ध करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. लेख कोठे मिळाला, पूर्वी कोणी व कोठे प्रसिद्ध केला, पत्र्यांचे वर्णन काय, लिपी कोणती, भाषा व शुद्धलेखनाचे विशेष कोणते, आशय काय, कालनिर्देश जुळतो काय, त्यातील स्थळे आज कोणती, यांचा विचार करून ते मूळ पाठाकडे व भाषांतराकडे वळतात. पूर्वसूरींचे ऋण आधी मान्य करावयाचे, त्यांचा पाठ जेथे पटत नाही तेथे टीप देऊन आपला पाठ सुचवावयाचा आणि निवड वाचकावर सोडावयाची, ही त्यामागील नीती होय. आजच्या शोधनिबंधातील पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधनपद्धती, विवेचन व निष्कर्ष हे टप्पे याच शिस्तीचे सामान्य रूप आहे.

याच शिस्तीचा मराठीतील संस्थात्मक पाया वि. का. राजवाडे यांच्या कार्यात आढळतो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. मंडळाच्या सभांत निबंध व टिपणे वाचली जात. त्यावर चर्चा होई. नंतर ती मंडळाच्या प्रकाशनांतून छापली जात. अस्सल कागद आधी आणि त्यावरील मत मागाहून, हा आग्रह तेथे होता.

६. सद्यस्थिती आणि एक अनुभव

वरील परंपरेशी आजची स्थिती ताडून पाहणे क्लेशकारक असले तरी आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी प्रकाशनांना गुण दिले. हेतू चांगला होता. परंतु गुण मोजले जाऊ लागताच निबंधांची संख्या वाढली आणि ती मागणी भागविणारी नियतकालिकेही वाढली. मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतून आयोगाने मे २०१८ मध्ये ४,३०५ नावे वगळली. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुणे विद्यापीठातील अभ्यासकांच्या पाहणीत, विद्यापीठांनी सुचविलेल्या व तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट असल्याचे आढळले. पुढे २०१९ मध्ये 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद केल्याचे आयोगाने जाहीर केले. नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता पुन्हा शिक्षकांवर आणि संस्थांवर आली आहे. यादी नसणे ही अडचण आहेच; पण बाळशास्त्रींपुढेही कोणती यादी नव्हती.

येथे स्वतःचा एक अनुभव नोंदविणे अप्रस्तुत ठरणार नाही. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने या भागातील एका घरात जपलेल्या मोडी कागदांच्या आधारे एक निबंध लिहून नियतकालिकाकडे पाठविला होता. परीक्षकाने तो तीन प्रश्नांसह परत केला. कागदांचे वर्णन कोठे आहे? मूळ मजकुराचे लिप्यंतर का दिलेले नाही? कागद सध्या कोणाकडे व कोणत्या स्थितीत आहेत? प्रथम या प्रश्नांचा राग आला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपण कागद पाहिले आहेत, एवढे पुरेसे नाही काय, असे वाटले. उत्तरे देण्यासाठी पुन्हा त्या घरी जाणे झाले ते पावसाळ्यानंतर. माळ्यावरील रुमाल ओलीने चिकटला होता आणि वाळवीने त्याचा मोठा भाग खाल्ला होता. घरातील वडीलधाऱ्यांनी "मास्तर, तुम्ही वाचलात तेवढंच आता" असे म्हटले. पण वाचलेले तरी कोठे होते? वहीत निष्कर्षापुरती टिपणे होती. संपूर्ण लिप्यंतर नव्हते आणि छायाचित्रेही नव्हती. ज्या विधानाचा आधार पुन्हा दाखविता येत नव्हता ते विधान निबंधातून काढून टाकावे लागले. निबंध पुढे छापला गेला, परंतु त्याचा गाभाच त्यात उरला नव्हता.

परीक्षकाचे ते तीन प्रश्न म्हणजे मिराशींच्या अनुक्रमातील पहिल्या काही बाबीच होत्या, हे नंतर लक्षात आले. निबंध पाठविण्याच्या आधीच ते स्वतःला विचारले असते, तर त्या घरातील कागद निदान अक्षररूपाने शिल्लक राहिले असते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट अशी की, शोधनिबंधाचे मोल त्याच्या निर्दोषतेवर अवलंबून नसते. बाळशास्त्रींचे वाचन पुढे दोनदा नव्याने सिद्ध करावे लागले. तरीही ते बाद झाले नाही, कारण पुढील दोन्ही वाचनांचा आरंभ त्याच्यापासून होतो. ज्या निबंधात सुधारणा करता येते तोच निबंध टिकतो.

दुसरी गोष्ट हस्तलिखिताच्या सिद्धतेविषयीची. साधन कोठे आहे, कोणत्या स्थितीत आहे, मूळ शब्द कोणते, पूर्वी कोणी काय म्हटले आणि आपले मत नेमके कोठून सुरू होते, या पाच प्रश्नांची उत्तरे हस्तलिखितात असावीत. इतिहासाप्रमाणेच इतर विषयांनाही हे लागू आहे; तेथे ताम्रपटाच्या जागी प्रश्नावली, नमुना, मुलाखत किंवा प्रयोगाची नोंद येईल एवढेच.

तिसरी गोष्ट परीक्षणासंबंधी. निबंध दोन दिवसांत स्वीकारून प्रमाणपत्र देणारे नियतकालिक शिक्षकाचा वेळ वाचविते. पण त्याला पडावयास हवे ते प्रश्न त्याच्यापासून हिरावून घेते. आपल्या जिल्ह्यात देवालयांतून आणि घराघरांतून अजूनही न वाचलेली साधने आहेत, आणि कोकणचा पाऊस कोणत्याही परीक्षकाच्या अहवालाची वाट पाहत नाही. अशा ठिकाणी अपुरे हस्तलिखित म्हणजे काही वेळा साधनाची कायमची हानी ठरते.

खारेपाटणचा ताम्रपट कोरला गेला त्याला हजाराहून अधिक वर्षे झाली. दान चिरकाल चालावे म्हणून रट्टराजाने ते तांब्यावर कोरविले. ते दान आज चालत नाही. मात्र त्याची अक्षरे वाचणाऱ्यांनी आपापले वाचन पुढील वाचकासाठी उघडे ठेवले, म्हणून ती अक्षरे आपल्यापर्यंत पोहोचली. आपल्या महाविद्यालयांतून निघणाऱ्या प्रत्येक हस्तलिखिताकडे तेवढ्याच जबाबदारीने पाहिले जावे, एवढीच या निबंधामागील अपेक्षा आहे.